उन्हात राहिलेल्या पुड्या

तिला सगळे जिवाणूबाई म्हणत. पहिल्यांदा कोणीतरी चेष्टेनं म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढं पुढं तर पशुखाद्याच्या दुकानात फोन आला की लोक सरळ विचारत, "जिवाणूबाई आहेत का?" आणि मॅनेजरही जराही न हसता आत हाक मारत, "जिवाणूबाई, फोन!" बँकेत वगैरे स्वतःचं खरं नाव सांगायची वेळ आली की ती क्षणभर अडखळायची.

काम मात्र चेष्टेचं नव्हतं. गोठ्यागोठ्यांवर जायचं आणि मूरघास, म्हणजे साठवणीचा आंबवलेला चारा, कसा करायचा ते शिकवायचं. मका हिरवा असताना, दाणा चिकात, दुधाळ असताना कापायचा, त्याची बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात थरावर थर देत ट्रॅक्टरनं दाबायची, वरून प्लास्टिकचा जाड कागद घालून हवाबंद करायची. आणि प्रत्येक थरावर कल्चरचं पाणी फवारायचं. कल्चर म्हणजे कामाचे जिवाणू. पुडीत ते पावडर होऊन झोपलेले असतात. पाण्यात पडले की जागे होतात, चाऱ्यातली साखर खातात, चारा आंबवतात, आणि त्या आंबटपणात बुरशीला पाय ठेवायला जागा उरत नाही. हे ती अशा जिव्हाळ्यानं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पुडीतल्या एकेकाला नावानं ओळखत असणार. "माझी पोरंच आहेत ती," म्हणायची. "फक्त ऊन सोसत नाही त्यांना. गार जागी ठेवा, औषध टाकलेलं नळाचं पाणी दाखवू नका. बाकीचं त्यांचं ती बघतात."

हे सांगणारीच्याच हातून ते घडलं.

कापणीचे दिवस ऐन भरात होते. एका सकाळी तिनं दुकानाच्या फ्रिजमधून पुड्या काढल्या, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या खोक्यात ठेवल्या, खोकं गाडीच्या डिकीत टाकलं आणि निघाली. गाव सोडलं नाही तोच शेजारणीचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये घसरून पडले होते, उठता येत नव्हतं, ओरडत होते. तिनं तशीच गाडी वळवली. घरात ती आणि बाबा अशी दोघंच. मग हॉस्पिटल, एक्स-रे, खुब्याचं हाड मोडलंय म्हणून सांगणारा तरुण डॉक्टर, सह्या, ऑपरेशन, पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीवर काढलेले तास. गाडी दोन दिवस हॉस्पिटलच्या उघड्या पटांगणात उभी होती. तिथं सावलीला एक झाडही नव्हतं. खोक्याची आठवण तिला एकदाही झाली नाही.

आठवण झाली ती तिसऱ्या दिवशी दुपारी, ताईचा फोन आला तेव्हा.

ताई म्हणजे टेकडीखालच्या मोठ्या गोठ्यावरची. तिला घरात अजून चिमी म्हणत, बाहेर सगळे ताई. लग्न मोडून पाच वर्षांपूर्वी ती भावाकडं परत आली होती आणि आल्या दिवसापासून बावीस गाईंचं शेणमूत, धारा, आजारपण सगळं तिनं अंगावर घेतलं होतं. भावाला सगळे दादा म्हणत. माणूस मनानं वाईट नव्हता, थट्टेखोर होता, बहिणीला दोन घास जास्तच वाढायला लावायचा. पण गोठ्यात शेवटचा शब्द त्याचा. गेल्या वर्षी त्याच्या हातचा मूरघास अर्धा बुरसला, तेव्हा ताई म्हणाली, "यंदा खड्डा माझ्याकडं दे." तो दहा माणसांत हसून म्हणाला, "घे की. पण बिघडला तर मग तू गप्प बसायचं आणि मी बोलायचं." तेव्हा सगळेच हसले होते. ताईसुद्धा.

"बाई, कुट्टीचं मशीन उद्या सकाळी येतंय," ताई फोनवर म्हणाली. "मका आधीच आठ दिवस लांबलाय. दाणा कडक व्हायला लागलाय. आता सगळी भिस्त तुमच्या कल्चरवर. सहा पुड्या लागतील."

"आणते," जिवाणूबाई म्हणाली.

खाली जाऊन तिनं डिकी उघडली तर आतून वाफ अंगावर आली. बर्फाच्या पिशव्यांत गरम पाणी डुचमळत होतं. पुड्या हातात घेतल्या, चांगल्याच तापल्या होत्या. ती तशीच उभी राहिली. दुकानातला साठा संपलेला, नवा माल यायला दहा दिवस. मका दहा दिवस थांबणार नव्हता. तिनं मनाशी हिशेब मांडला, म्हणजे मांडल्यासारखं केलं: सगळेच मेले नसतील, अर्धे तरी जगले असतील, काहीच नसण्यापेक्षा बरं. वर बाबा एकटे होते. तेवढ्या वेळात जे सुचलं ते तिनं खरं मानलं.

संध्याकाळी ती ताईच्या फाटकाशी सहा पुड्या देऊन आली. तिथून पुढं आणखी दोन गोठ्यांवर उरलेल्या दिल्या. एक पुडी राहिली ती दुकानाच्या फ्रिजमध्ये परत ठेवली. ताईनं पुड्या हातात घेताना विचारलं होतं, "बाबा कसे आहेत?" आणि पाठीवर हात ठेवला होता. तेव्हा सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ताई, या तापल्यात, भरवसा धरू नका. पण ती बाबांच्या ऑपरेशनचंच सांगत राहिली.

पन्नास दिवसांनी ताईनं खड्डा उघडला. पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी कागद मागं सारताच गरम, कुबट वास आला. चाऱ्यात हात घातला तर आत ऊब. दोन हात खाली पांढरे आणि निळसर हिरवे गोळे, कापसासारखे धरलेले. ताईनं जेवढं दिसलं तेवढं काढून टाकलं, चांगलं वाटलं ते घातलं. गाई गव्हाणीत तोंड घालून मागं घेऊ लागल्या. दूध उतरलं. आठवड्यानं सात महिन्यांची गाभण गाय गाभडली. जनावरांचे डॉक्टर आले, मूरघासाची मूठ नाकाशी नेली आणि म्हणाले, "हे खायला घातलंतच कसं तुम्ही?"

जिवाणूबाईला बोलावणं आलं. ती पोचली तेव्हा ताई खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली होती. चेहरा असा की दोन दिवस झोप नसावी. दादा मागं ट्रॅक्टरला टेकून उभा.

"बाई, मी तुम्हाला सगळं सांगते," ताई म्हणाली. "कुठं चुकलं ते तुम्ही सांगा. पाणी विहिरीचं घेतलं, नळाचं नाही. पुड्या आयत्या वेळी फोडल्या. पंप तीनदा धुतला, आधी त्यात तणनाशक होतं म्हणून. थर वीतभरच दिला. प्रत्येक थरावर फवारा मारला, कडेला जास्तच मारला. ट्रॅक्टर सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत फिरवला, कोपरे मी पायांनी तुडवले. हे बघा." तिनं चप्पल काढून टाचांच्या भेगा दाखवल्या. "कागदावर टायर ठेवले, टायरला टायर लागून. एक भोक नव्हतं. माझं काय चुकलं?"

एकही पायरी चुकली नव्हती. इतकं नीट करणारी बाई तिनं बारा वर्षांच्या कामात पाहिली नव्हती. सांगायला हवं ते ओठांपर्यंत आलं. मागं दादा उभा होता, गोठ्यात ती गाय मान टाकून बसली होती, आणि समोर ताई तोंडाकडं बघत होती.

"हवा राहिली असेल, ताई," ती म्हणाली. "दाबण्यात कुठंतरी."

"ऐकलंस?" दादा मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "चिमे, उद्यापासून चाऱ्याचं मी बघतो. तू धारा तेवढ्या काढ."

चप्पल पायात घालताना ताईचा अंगठा दोनदा हुकला.

घरी येताना जिवाणूबाईनं गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली. तिची समजूत घालणारं मन अजून बोलत होतं. हवा राहिलीच असेल कशावरून नाही? पुड्या मेल्याच होत्या हे कोणी पाहिलं? तर पाहूच, असं ठरवून तिनं दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फ्रिजमधली ती एक उरलेली पुडी आणि नव्या मालातली एक पुडी घरी आणली. दूध उकळून कोमट केलं, जरा साखर घातली, दोन वाट्यांत ओतलं. एकीत जुनी चिमूटभर, दुसरीत नवी चिमूटभर. वर ताटल्या झाकल्या आणि ओट्यावर ठेवल्या.

बाबा आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येत. "दोन वाट्या कशाला? माझं पथ्य आहे ना?" ते म्हणाले.

"खायच्या नाहीत, बाबा. परीक्षा आहे."

"कोणाची?"

"माझीच म्हणा."

बाबांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं, पण विचारलं नाही. सबंध नोकरी त्यांनी वजनकाट्यावर काढली होती. कोणाला केव्हा विचारायचं नाही ते त्यांना कळायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ताटल्या उचलल्या. नव्या पुडीची वाटी आंबट होऊन घट्ट बसली होती. जुनीचं दूध दूधच होतं. तिनं बोट बुडवून चाखलं. गोड. प्रयोगशाळेतली पक्की तपासणी नव्हे हे तिला समजत होतं. पण तिला आता आणखी काही पाहायचं नव्हतं. ती ओट्याला धरून खाली बसली.

आधी ती मॅनेजरकडं गेली. त्यांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकलं.

"हे कोणाला बोलला नाहीत ना?"

"अजून नाही."

"मग बोलू नका. बुरशीला छप्पन्न कारणं असतात. तुमच्यावर प्रसंग आला होता, कोणीही गडबडलं असतं. उगाच स्वतःहून मान पुढं करायची काय गरज आहे?"

"तिच्या हातातला खड्डा काढून घेतलाय, साहेब."

"तो त्यांच्या घरातला मामला आहे."

"माझ्यामुळं झालाय."

मॅनेजर खुर्चीत मागं रेलले. "तुम्हाला सांगायचंच असेल तर मी काय तोंड दाबणार? पण मग दुकानाच्या मालकांना मला उत्तर द्यावं लागेल, हे लक्षात ठेवा."

तिनं लक्षात ठेवलं आणि गेली.

धारांची वेळ संपली होती. दादा ओट्यावर हातपाय धुऊन बसला होता, ताई दुधाचे कॅन धूत होती. जिवाणूबाई उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर बोलणं लांबलं असतं, आणि लांबलं की ते मऊ होतं. बाबा पडले, खोकं डिकीत राहिलं, दोन दिवस ऊन लागलं, मला माहीत होतं, तरी दिलं. काल घरी पाहिलं, ती पावडर मेलेली आहे. हवाबिवा काही नाही. ताईंनी सगळं बरोबर केलं होतं.

दादानं आधी डोळे मोठे केले आणि मग, कोणाला वाटलं नसतं, तो सुटल्यासारखा हसला. "म्हणजे आमची चिमी शहाणीच की! मी म्हणतच होतो, एवढं तुडवलंय तिनं, हवा राहील कुठनं? अहो बाई, बाप पडल्यावर कोणाला पुड्या सुचतात? चालायचंच. चिमे, चहा टाक."

ताईनं हातातला कॅन उपडा ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"काल. वाट्या उघडल्या तेव्हा."

"पुड्या गरम झाल्याचं कधी कळलं?"

"तुम्हाला देण्याआधी."

"म्हणजे मी इथं खड्ड्यापाशी टाचा दाखवत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, हवा राहिली असेल."

"म्हणाले."

"पुड्या तापल्या त्याचं मला काही नाही," ताई सावकाश म्हणाली. "माझा बाप असता तर मीही विसरले असते. पण ते वाक्य, बाई. तीन रात्री मी अंथरुणात एकेक थर परत घालत होते. हा कोपरा राहिला का, तो राहिला का." ती आत गेली. चहा झाला नाही. दादा जरा वेळ इकडंतिकडंचं बोलला आणि उठला.

त्यानंतर महिनाभर ताईचा फोन नाही. दुकानानं जिवाणूबाईचं गावोगाव फिरणं बंद केलं आणि तिला काउंटरवर बसवलं. मॅनेजरांनी त्याला बदली म्हटलं. गोठ्यांवरचे लोक काउंटरशी आले की आवाज जरा खाली करत. दुकानात कोणी जिवाणूबाई म्हणून हाक मारीनासं झालं. ते तिला सगळ्यात जास्त लागलं. आजवर तिला वाटत आलं होतं की ती हाक आपल्याला नकोशी आहे.

उरलेल्या दोन गोठेवाल्यांनाही तिनं स्वतः फोन करून सांगितलं होतं. त्यांचे खड्डे अजून उघडायचे होते. एक जण चिडला, दुसरा म्हणाला बघू. दोघांनी खड्डे उघडले तेव्हा त्यांच्याइतकीच तीही काळजीत होती. आणि दोघांचाही मूरघास सोन्यासारखा निघाला. पिवळट, आंबटगोड वासाचा, एक गोळा बुरशीचा नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच राहिला असता तर बरं झालं असतं. पण दूध संकलनाच्या ओळीत बातमी फिरायला एक सकाळ पुरते. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"त्या दोघांचा चांगला निघाला म्हणे. त्याच पुड्या होत्या?"

"त्याच होत्या."

"दादा काल ओळीतून आला तो हसतच आला. म्हणाला, पुड्या मेलेल्या, तरी त्यांचा चारा टिकला. मग आपलाच का नाही टिकला, चिमे?" ताई म्हणाली. "बाई, आता खरं सांगा. माझं काय चुकलं?"

तोच प्रश्न. यावेळी जिवाणूबाईनं अंदाजानं उत्तर दिलं नाही. "उद्या माझी सुटी आहे," ती म्हणाली. "येते. खड्डा बघितल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही."

ती गेली. खड्डा अर्धा उरला होता. तिनं फावडं मागून घेतलं, मधोमध उकरलं, मूठभर कुट्टी तळहातावर पसरली. दाणे वेगळे काढले. दातांखाली एक धरला, फुटला नाही. ताटांचे तुकडे मुठीत आवळून सोडले, तर स्पंजसारखे फुलून वर आले. तिनं तीन ठिकाणी उकरलं. तीनही ठिकाणी तेच.

"ताई, मका किती लांबला होता?"

"आठ दिवस. नऊ म्हणा."

"का?"

दादा येऊन उभा राहिला होता.

"मशीन उशिरा आलं," ताई म्हणाली.

"मशीन कोणाचं?"

"आमचंच," ताई म्हणाली आणि भावाकडं बघितलं नाही. "दादानं आधी मित्राकडं पाठवलं होतं."

जिवाणूबाईला ते माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, इथंच थांबावं. आपण बाहेरच्या, वर आपलेच हात बरबटलेले. पण गेल्या वेळी ती इथंच उभी राहून थांबली होती.

"दादा," ती म्हणाली, "त्या दोघांनी मका चिकात असताना कापला. रसरशीत होता, दाबला की बसला. तसा चारा कल्चर नसतं तरी बहुतेक टिकला असता. तुमचा नऊ दिवस उन्हात वाळला. वाळलेली कुट्टी कितीही तुडवा, ती परत फुलते आणि आत हवा धरते. अशा चाऱ्यालाच कल्चरची खरी गरज असते. ताईंना ते कळलं होतं, म्हणून त्यांनी मला फोन केला. आणि मी त्यांना मेलेल्या पुड्या दिल्या. निम्मं माझं आहे. निम्मं मशीनचं. त्यांचं यात काही नाही."

दादाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आता माझ्यावर आणताय? स्वतःचं झाकायला?"

"मी माझं आधी सांगून मग आलेय."

"आमच्या घरात भांडणं लावायला येऊ नका, बाई. मशीन माझं, मी कोणालाही देईन."

"दादा," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्यानं मान वळवली. "मशीन जायच्या दिवशी मी तुला म्हटलं होतं की दाणा बघ. तू म्हणालास, बायकांना मका कळतो होय? मी त्याच्यावर काही बोलले नाही. गाय गाभडली तेव्हाही बोलले नाही. तू गप्प बस म्हणालास, बसले. पण माझं चुकलं नाही, हे मला तुझ्या तोंडून नको, तर मला स्वतःला तरी माहीत असू दे."

दादानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग तो ट्रॅक्टरकडं न जाता पायी शेताच्या बाजूनं चालू लागला. बराच वेळ त्याची पाठ दिसत राहिली.

"आता घरी कठीण जाईल तुम्हाला," जिवाणूबाई म्हणाली.

"आजवर सोपं होतं असं नाही," ताई म्हणाली. तिनं चहाचं विचारलं नाही आणि फाटकापर्यंत सोडायलाही आली नाही.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी जिवाणूबाई घरी भांडी लावत होती तेव्हा फोन वाजला.

"ती गाय सावरली," ताई नमस्कार वगैरे न करता म्हणाली. "पोटभर खायला लागली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा फळेल."

"फार बरं झालं."

"आणि काल दादानं सबंध दिवस खड्डा उपसला. कोणाला हात लावू दिला नाही. वाईट तेवढं सगळं खतात नेऊन टाकलं, तळ धुतला."

"काही बोलले?"

"नाही. दादा असलं काही बोलत नसतो. जेवायला बसला तेव्हा हाताला फोड आले होते त्याच्या, एवढंच." ताई पुढं म्हणाली. "पुढच्या हंगामाला कल्चर मी दुसऱ्या दुकानातून आणणार आहे. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, मागाहून कानावर यायला नको."

"बरोबर आहे," जिवाणूबाई म्हणाली.

"पण कापणीच्या आधी मका बघायला या. दाणा मला एकटीलाही कळतो, पण दोघींनी बघितला तर दादाला मशीन दुसऱ्याला देताना विचार करावा लागेल."

"रविवारी येईन. रविवारी मी मोकळी असते."

"या मग," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

जिवाणूबाई फोन हातात धरून उभी होती. आतून बाबांनी हाक मारली, त्यांना पलंगावरून उठायचं होतं. तिनं ओले हात पदराला पुसले आणि त्यांना आधार द्यायला आत गेली.